बिनतारी शर्यतगाडीचे अंतरंग

मातीचे एक विस्तीर्ण मैदान आहे. त्यात नागमोडी मार्ग आखलेला आहे. मध्येच उंचवटे आहेत, मध्येच खळगे आहेत. त्या मार्गावरून हातभर लांबीच्या आठ-दहा गाड्या धूळ उडवीत धावत आहेत. उंचवट्यावरून त्या हवेत झेपावतात, चारही चाकांवर उतरतात आणि क्षणार्धात पुढच्या वळणात शिरतात. एकाही गाडीत सारथी नाही. सारथी कडेच्या उंच मचाणावर उभे आहेत व प्रत्येकाच्या हाती एक लहानसे यंत्र आहे. या गाड्यांना ‘बग्गी’ म्हणतात. बग्गी म्हटले की आपल्याला घोडागाडी आठवते. परंतु ही बग्गी म्हणजे वाळूवर धावणाऱ्या हलक्या मोटारीची एकदशांश किंवा एकअष्टमांश प्रतिकृती होय.

तारेवाचून दूरची वस्तू हालविण्याची कल्पना फार जुनी आहे. निकोला टेस्ला या संशोधकाने १८९८ साली न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक छोटी नौका बिनतारी संदेशांनी चालवून दाखविली, तेव्हा प्रेक्षक थक्क झाले. पुढे १९७९ साली जपानमधील तामिया कंपनीने खडबडीत जमिनीवर धावणाऱ्या बग्ग्या बाजारात आणल्या. १९८४ साली अमेरिकेतील असोसिएटेड कंपनीची ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची ‘आरसी १०’ ही गाडी आली आणि लगेच १९८५ साली कॅलिफोर्नियातील डेल मार येथे विजेवर चालणाऱ्या एकदशांश बग्ग्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. खेळणे म्हणून जन्मास आलेली वस्तू अशा रीतीने यंत्रविद्येची एक शाळाच बनली.

या शाळेतील पहिला धडा असा की, गाडी ही एक साखळी आहे. सारथ्याच्या हातातील प्रक्षेपक संदेश पाठवितो. गाडीतील ग्राहकयंत्र तो झेलते आणि दोन ठिकाणी पोचविते. एक भाग ‘सर्व्हो’ नावाच्या यंत्राकडे जातो व ते पुढची चाके वळविते. दुसरा भाग वेगनियंत्रकाकडे जातो. तो घटमालेतील, म्हणजे बॅटरीतील वीज मोजून मोटरला देतो. मोटर दंतचक्रे फिरविते, दंतचक्रे आस फिरवितात आणि आसाबरोबर चाके फिरतात. साखळीचे बळ तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतकेच असते. म्हणून एकच भाग अतिशय भारी घेणे व बाकीचे कसेतरी निवडणे, यात शहाणपण नाही.

निवड करताना प्रथम स्पर्धेचे नियम पाहावेत. मोटरच्या तारेचे वेढे हे तिच्या स्वभावाचे माप असते. एकाच बनावटीच्या मोटरींत वेढे जितके कमी, तितका वेग अधिक आणि विजेची भूकही अधिक. साडेसतरा वेढ्यांची मोटर शांत असते, साडेसहा वेढ्यांची उग्र असते. नवशिक्याने साडेसतरा वेढ्यांपासून आरंभ करावा, हे इष्ट होय. कारण मार्गाबाहेर उलटलेल्या वेगवान गाडीपेक्षा मार्गावर राहिलेली मंद गाडी आधी पोचते. जुन्या मोटरींत कार्बनचे ‘ब्रश’ घासून झिजत असत. आजच्या ब्रशविरहित मोटरीत चुंबक फिरतो व वेढे स्थिर राहतात. त्यामुळे ती झीज उरत नाही. काही मोटरींत चुंबकाची स्थिती कळविणारे संवेदक असतात. त्यांच्यामुळे गाडी मंद गतीतही न अडखळता निघते.

वेगनियंत्रक मोटरला साजेसा हवा. तो किती अँपिअर प्रवाह सोसतो व किमान किती वेढ्यांच्या मोटरीस चालतो, हे त्याच्या माहितीपत्रकात दिलेले असते. साडेदहा वेढ्यांच्या मर्यादेचा नियंत्रक साडेसहा वेढ्यांच्या मोटरीस जोडल्यास तो जळण्याचा संभव असतो. सर्व्हो निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात: चाक वळविण्याचे बळ आणि वळण्यास लागणारा वेळ. एकअष्टमांश गाडी जड असते. तिला एकदशांश गाडीपेक्षा पुष्कळ बलवान सर्व्हो लागतो. ग्राहकयंत्र व सर्व्हो यांना बहुधा वेगनियंत्रकातूनच वीज मिळते. सर्व्होने एकाएकी फार वीज ओढली, तर दाब घसरतो, ग्राहकयंत्र क्षणभर बंद पडते आणि गाडी बेलगाम घोड्यासारखी उधळते. अशा वेळी दोष प्रक्षेपकाला दिला जातो, परंतु अपराधी दुसराच असतो!

घटमालेविषयी मात्र विशेष सावध राहिले पाहिजे. आजच्या शर्यतीत लिथियम-पॉलिमर घट वापरतात. एका घटाचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट व पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. एकदशांश गाडीत बहुधा असे दोन घट असतात. हे घट हलके व जोमदार असतात, पण तितकेच तापट! दाब ३ व्होल्टच्या खाली गेला, तर घट बिघडतो, ४.२ व्होल्टच्या वर चढविला, तर तो पेट घेऊ शकतो. म्हणून प्रत्येक घट समान भरणारा योग्य चार्जरच वापरावा. ५,००० मिलिअँपिअर-तासांची घटमाला ५ अँपिअरने भरणे सुरक्षित मानतात. भरताना ती अग्निरोधक पिशवीत ठेवावी, जवळ वडील माणूस असावे व तिला सोडून कोठेही जाऊ नये. फुगलेली घटमाला पुन्हा वापरण्याचा मोह धरू नये. एक शर्यत चुकली तरी चालेल, पण घरास आग लागता कामा नये.

आता दुसऱ्या धड्याकडे वळू. तो मला माझ्या नातवाच्या गाडीने शिकविला. त्याची गाडी दिवसेंदिवस मंदावू लागली व मोटर हात लावता येणार नाही इतकी तापू लागली. मोटर जुनी झाली, असे त्याने ठरविले. वर्षभर साठविलेले पैसे खर्चून त्याने अधिक वेगवान मोटर आणली. ती पहिलीपेक्षाही लवकर तापली आणि ऐन शर्यतीत गाडी बंद पडली. घरी आल्यावर आम्ही गाडी उलटी करून एकेक चाक बोटाने फिरवून पाहिले. तीन चाके सहज फिरली. मागचे डावे चाक करकरत अडले. त्याच्या आसावरील बेअरिंगात माती शिरून ते जवळजवळ आवळले गेले होते. मोटर सारा दिवस त्या मातीशी झुंजत होती. नव्या मोटरच्या किमतीच्या मानाने त्या बेअरिंगचे मोल अगदीच नगण्य होते. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही.

बेअरिंगला मराठीत ‘धारवा’ असे नाव आहे. कारण ते फिरणाऱ्या आसास धारण करते. एक वस्तू दुसरीवर घासत नेणे कठीण. तीच गोल वस्तूंवरून लोटणे सोपे. ओंडक्यांवरून मोठा दगड सरकविताना हेच तत्त्व उपयोगी पडते. फिलिप व्हॉन या वेल्समधील गृहस्थाने १७९४ साली गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या धारव्याचे पेटंट घेतले. धारव्यात दोन कडी असतात, एक आतले व एक बाहेरचे. त्यांच्यामध्ये पोलादी गोळ्या व त्या गोळ्यांना समान अंतरावर ठेवणारा पिंजरा असतो. सायकलच्या चाकातील छर्रे तुम्ही पाहिले असतील; हे त्यांचेच धाकटे भाऊ. पुष्कळ स्वस्त गाड्यांत प्रारंभी प्लॅस्टिकच्या साध्या नळ्याच असतात. त्या बदलून धारवे बसविणे, ही सर्वांत कमी खर्चाची सुधारणा होय.

या धारव्यांवर केवढा भार पडतो, ते पाहा. चाकाचा व्यास साडेआठ सेंटिमीटर धरला, तर ताशी ५० किलोमीटर वेगाने ते मिनिटाला सुमारे ३,१०० फेरे करते. मोटरचा आस तर मिनिटाला कित्येक सहस्र फेरे अधिक करतो.

बदली धारवा आणताना तीन मापे सांगावी लागतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. एकदशांश गाडीत ५ × १० × ४ मिलिमीटर हे माप वारंवार आढळते. एकअष्टमांश गाडीच्या चाकांत ८ × १६ × ५ मिलिमीटर आढळते. तथापि अंदाजाने न जाता माहितीपत्रक पाहावे किंवा व्हर्नियरने मोजावे. त्यानंतर झाकण पाहावे. धातूचे झाकण आतल्या कड्यास टेकत नाही. त्यामुळे धारवा हलका फिरतो, पण धूळ आत जाते. रबराचे झाकण किंचित अडविते, पण धूळ रोखते. म्हणून मातीत फिरणाऱ्या चाकांसाठी रबराचे झाकण चांगले. बंद दंतपेटीत धातूचे चालते. सिरॅमिक गोळ्यांचे धारवे हलके असतात व त्या गोळ्या गंजत नाहीत. परंतु किंमत फार आणि कडी पोलादीच! माती त्यांनाही सोडीत नाही. महाग धारवा वर्षभर न पाहण्यापेक्षा साधा धारवा वरचेवर धुणे केव्हाही श्रेयस्कर.

परीक्षा सोपी आहे. बाहेरचे कडे चिमटीत धरून आतले कडे सावकाश फिरवावे. खरखर जाणवली, तर सुईच्या टोकाने रबरी झाकण हळूच काढावे, धारवा स्पिरिटने धुवावा (जवळ दिवा अगर निखारा नसावा) आणि वाळल्यावर पातळ तेलाचा एक थेंब देऊन झाकण पुन्हा बसवावे. धुतल्यावरही खरखर राहिली किंवा कडी डगमगू लागली, तर तो टाकून द्यावा. कोरडा धारवा बोटाने फिरविल्यास बराच वेळ गरगरतो. परंतु वंगणावाचून तो लवकरच नाश पावतो, हे विसरू नये. नवा धारवा खोबणीत बसविताना बाहेरच्या कड्यावर दाब द्यावा, आसावर चढविताना आतल्या कड्यावर द्यावा. उलट केल्यास सारा दाब गोळ्यांवर येतो व त्यांच्या मार्गास खाचा पडतात.

आता माझा नातू शर्यतीहून आला की आधी चारही चाके बोटाने फिरवून पाहतो, मग जेवतो. जुनी मोटर त्याने पुन्हा बसविली आहे. ती तापत नाही. नवी मोटर पेटीत आहे. तिच्याजोगते कौशल्य हाती आल्यावर ती बाहेर निघेल. गाडी मंदावली की अधिक बळ शोधण्याआधी अडथळा शोधावा, एवढे तो शिकला. आणि इतक्या वर्षांच्या मास्तरकीनंतर मीही ते त्याच्याबरोबर नव्याने शिकलो.