साठ्याची वही आणि ऑनलाइन दुकान

(एक घाऊक धान्य-व्यापारी, बेळगाव)

गोदामातील पोती आणि वहीतील पोती यांचा मेळ बसला की व्यापाऱ्यास रात्री स्वस्थ झोप लागते, असे आमचे तीर्थरूप म्हणत असत. त्या काळी गोदाम एक, वही एक आणि गिऱ्हाईक डोळ्यांसमोर उभे. आज आमचा तोच तांदूळ रविवार पेठेतील गादीवर विकला जातो, आमच्या संकेतस्थळावर विकला जातो आणि शिवाय दोन मोठ्या ऑनलाइन बाजारांतही मांडलेला असतो. माल एकच, फळ्या मात्र चार! या चार फळ्यांचा हिशेब एका वहीत कसा राखावा, याचा धडा आम्हांस साठीनंतर शिकावा लागला. तो आमच्या सभासद बंधूंच्या उपयोगी पडावा, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

प्रसंग २०२२ च्या श्रावणातील आहे. त्याच वर्षी १८ जुलैपासून लेबल लावलेल्या बंद पाकिटांतील २५ किलोपर्यंतच्या धान्यावर ५ टक्के जी.एस.टी. लागू झाल्याने नवी लेबले, नवी बिले यांची धांदल चालली होती. गोदामात जुन्या आजरा घनसाळ तांदळाची ३० किलोची ३० पोती होती. चिरंजीवांनी त्यांच्या ५ किलोच्या १८० थैल्या होतील, असा हिशेब करून तेवढा साठा संगणकात दाखविला होता. एके सायंकाळी तपासतो तो ६१ थैल्यांच्या मागण्या आलेल्या, आणि गोदामात उरलेली पोती अवघी सहा! म्हणजे ३६ थैल्या. उरलेल्या २५ थैल्यांचे पैसे परत करावे लागले. ऑनलाइन बाजाराने आमचा दर्जा खाली आणला. वडोदऱ्याच्या एका भगिनीने नातवाच्या बारशासाठी तांदूळ मागविला होता, तिने फोनवर एवढेच विचारले, "माल नव्हता, तर दुकान उघडे का ठेवले?" या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

चिरंजीव म्हणाले, दिवाणजींनी नोंद चुकविली. दिवाणजी म्हणाले, संगणक खोटा आहे. चाळीस वर्षे गादीवर बसलेल्या त्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा आमच्यापुढे ठेवला व म्हटले, "अण्णा, आता आम्हांस मोकळे करा." तेव्हा आम्ही हमालांस बोलावून पोत्यांचा माग काढला. २४ पोती एका जुन्या गिऱ्हाइकाच्या घरच्या कार्यासाठी गेली होती, आणि ती देण्याचा हुकूम एका लग्नमंडपातून फोनवर आम्हीच दिला होता! चिठ्ठी नाही, नोंद नाही. मालकाचा शब्द म्हणून हमालांनी माल गाडीत भरला. चूक दिवाणजींची नव्हती, संगणकाचीही नव्हती. किल्ल्या आम्ही त्यांच्या हाती परत दिल्या, आणि त्या वर्षीच्या क्षमावणीस प्रथम त्यांच्याच घरी गेलो.

त्यानंतर आमच्या पेढीत जे नियम झाले, ते असे.

पहिला नियम: चिठ्ठीवाचून दाणा हलू नये. चिठ्ठीच्या दोन प्रती; एक गोदामाच्या दाराशी, दुसरी संगणकाशी. घरच्या स्वयंपाकघरात नेलेल्या पायलीभर डाळीचीही नोंद होते. हा नियम नोकरांपेक्षा मालकासच अधिक जाचतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

दुसरा नियम: गोदामातील सगळाच माल विकाऊ समजू नये. समजा, १०० थैल्या आहेत. पैकी १८ थैल्यांची मागणी येऊन चुकली आहे, २ थैल्या फाटलेल्या आहेत आणि १० आम्ही अडीअडचणीसाठी राखून ठेवतो. म्हणजे फळीवर मांडण्याजोग्या ७० च. चारही ठिकाणी दिसणारा आकडा या एकाच वहीतून जावा, व कोठेही एक थैली विकली गेली की सर्वत्र एकाने कमी व्हावा. हे काम संगणक क्षणात करितो. मात्र त्यास खरे सांगणारे माणूस हवे.

तिसरा नियम: माल संपण्यापूर्वी मागवावा. रोज ८ थैल्या खपतात व नवा माल येण्यास ५ दिवस लागतात, तर ४० थैल्या वाटेतच खपतील. त्यांत दोन दिवसांची शिल्लक, म्हणजे १६, मिळवून ५६ वर आकडा आला की मागणी धाडावी. दसरा-दिवाळीस खप वाढतो. तेव्हा हा आकडा महिनाभर आधीच वाढवावा.

चौथा नियम आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो: आधी आलेला माल आधी जावा. हरभरा, मूग, चवळी यांवरील भुंग्याची अंडी पुष्कळदा शेतातूनच दाण्याबरोबर येतात. अळी दाण्याच्या आत वाढते, दाणा वरून निर्दोष दिसतो, आणि एके दिवशी गोल छिद्र पाडून भुंगा बाहेर पडतो. थप्पीच्या तळाशी राहून गेलेले पोते म्हणजे या जीवांचे माहेरघर. मग विषारी धुरी देण्याची पाळी येते, आणि ते कर्म आपणां कोणासच रुचत नाही. म्हणून प्रत्येक आवकेस तारखेची चिठ्ठी लावावी, धान्य नीट वाळवूनच भरावे आणि मागील माल पुढे घ्यावा. त्यात नुकसानही टळते व हिंसाही टळते. जुना तांदूळ मात्र मुद्दाम मुरविला जातो. जुना व नवा यांचे भाव निराळे, म्हणून त्यांची खातीही निराळी ठेवावीत.

पाचवा नियम: वर्षातून एकदा दिवाळीस मोजणी पुरत नाही. आम्ही रोज सकाळी कोणतेही पाच जिन्नस मोजतो. धान्य वाळल्याने येणारी घट, सांडलवंड, बारदानाच्या वजनातील फरक हे सर्व त्याच दिवशी उघडे पडते. परत आलेली थैली तपासल्यावाचून साठ्यात धरीत नाही. फुटलेली तर मुळीच नाही.

सरकारनेही हा मेळ मागितलेला आहे. जून २०२३ मध्ये तूर व उडीद यांवर, आणि जून २०२४ मध्ये तूर व हरभरा यांवर साठ्याची मर्यादा आली, तेव्हा घाऊक व्यापाऱ्यास २०० मेट्रिक टन व किरकोळ विक्रेत्यास ५ मेट्रिक टन ही सीमा होती, आणि साठा सरकारी पोर्टलवर जाहीर करावयाचा होता. ज्यांची वही रोजची होती, त्यांस तो आकडा काढण्यास घटका लागली नाही.

असो. तरुण बंधूंना आमची विनंती आहे की, संगणक आणला म्हणून गोदामात जाणे सोडू नका. आमच्या वयाच्या मंडळींस विनंती ही की, आपला शब्दसुद्धा वहीत चढवा. आमचे दिवाणजी आता रोज सायंकाळी चष्मा पुसून संगणकासमोर बसतात, आकडा वाचतात, आणि मग गोदामात जाऊन थप्पी मोजून येतात. गेल्या मार्गशीर्षात त्या वडोदऱ्याच्या भगिनीची पुन्हा मागणी आली, दहा किलो घनसाळाची. थैल्या दिवाणजींनी स्वतः मोजून बांधल्या.