कन्व्हर्टरचं तेल आणि मे महिना

पहाटे ५.३०
मे महिन्यात बडनेरा रोडवरचं माझं गॅरेज उजाडायच्या आत उघडतं, ते ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलापायी. बऱ्याच गाड्यांत या तेलाची पातळी इंजिन चालू ठेवून, तेल साधारण ३५ ते ४५ अंशांवर असतानाच बघावी लागते. वऱ्हाडातल्या दुपारी नुसत्या उभ्या गाडीतलं तेलही चाळिशी ओलांडून बसलेलं असतं, मग मोजणार कसं? पहाटे ते सावकाश तापतं. लिफ्टखाली उभं राहून मी पातळीचा बोल्ट काढला. आधी धार आली, मग दोऱ्याएवढी झाली, मग थेंब पडू लागले. थेंबांवर आल्याबरोबर बोल्ट आवळला. काल आलेली गाडी तयार झाली.

सकाळी ८.३०
फोन. “ऑटोमॅटिक आहे, झटके देते.” माझा पहिला प्रश्न ठरलेला: कोणती ऑटोमॅटिक? एएमटीत आपली साधी क्लच प्लेटच असते, फक्त ती दाबायचं काम यंत्र करतं. तिथे टॉर्क कन्व्हर्टर नसतोच. दोन्हींचे आजार वेगळे, औषधही वेगळं.

९.१५
अकोल्याहून एक निवृत्त गुरुजी आले. “भाऊ, सत्तरच्या स्पीडले गाडी थरथरून रायली. टायर बदलले, बॅलन्सिंग दोनदा केलं, काहीच फरक नाही.”

त्यांना शेजारी बसवून लोणीच्या दिशेनं निघालो. जून २०२२ मध्ये लोणी ते माना हा एका लेनचा ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. माझ्या धंद्यात या रस्त्याचं मोल वेगळंच आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावर कन्व्हर्टरची बारीक थरथर कोणाला कळणार होती? गुळगुळीत डांबरावर ती लपत नाही.

सत्तरवर अ‍ॅक्सिलरेटर हलका, स्थिर धरला. थरथर आली, रस्त्यावरच्या बारीक पांढऱ्या पट्ट्यांवरून जावं तशी. डाव्या पायानं ब्रेकला नुसता स्पर्श केला. थांबली. पाय उचलला, दोन-तीन सेकंदांत परत आली.

“काय केलं भाऊ तुम्ही?”

ब्रेक लागायच्या आतच त्याचं बटण दबतं आणि कन्व्हर्टरचा लॉकअप सुटतो. दोष टायरचा असता तर एवढ्यानं थरथर गेली नसती.

११.००
गुरुजींना बाकावरचा, लेथवर कापून ठेवलेला जुना कन्व्हर्टर दाखवला. इंजिनाबरोबर फिरतो तो पंप, समोर गिअरबॉक्सकडचा टर्बाइन. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. पंप तेल फेकतो, त्या तेलाच्या माऱ्यानं टर्बाइन फिरतो. म्हणून सिग्नलला गाडी गिअरमध्ये उभी असूनही इंजिन बंद पडत नाही. मधलं चाक म्हणजे स्टेटर. ते मी त्यांच्या हातात दिलं. एका बाजूला सायकलच्या फ्रीव्हीलसारखं फिरतं, दुसऱ्या बाजूला घट्ट अडतं. टर्बाइनवरून परतणारं तेल पंपाच्या फिरण्याला उलटं येऊन भिडलं असतं. अडलेला स्टेटर त्याला वळवून पंपाच्याच दिशेनं सोडतो. झोका परत जाताना आपण योग्य बाजूनं ढकलतो ना, तसं. त्यामुळे गाडी उठताना इंजिनाचा जोर जवळपास दुप्पट होऊन गिअरबॉक्सला मिळतो. उभी गाडी अशी अलगद उचलणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. हर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरनं १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी, वेगवान वाफेच्या टर्बाइनचा जोर संथ पंख्यापर्यंत पोचवायला.

वेग आला की स्टेटर मोकळा फिरू लागतो. पण तेलातली घसरण थोडी उरतेच, आणि घसरण म्हणजे वाया गेलेलं डिझेल. म्हणून आतला लॉकअप क्लच पंप-टर्बाइनला एकत्र जखडतो. तेल जुनं झालं की हाच क्लच धरू-सोडू लागतो आणि गाडी थरथरते.

दुपारी २.००
तेल काढलं. काळं, करपट वासाचं. मोजलं तर निम्म्याहून कमी निघालं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत. “हे तेल गाडी मोडेपर्यंत बदलायचं नाही,” असं गुरुजींना कोणीतरी सांगितलं होतं. या वाक्याचा मला मनापासून राग येतो. कन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी सगळी ताकद उष्णता होऊन तेलात उतरते, आणि बाहेरची हवाच ४४ अंशांची असेल तर कूलर बिचारा काय थंड करणार? त्यात चिखलदऱ्याच्या घाटात पुढची गाडी थांबली की लोक ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरतात. चाकं उभी, आत तेल घुसळतंय. इंजिनाची तेवढी सगळी ताकद तेल तापवते. गाडी ब्रेकवर धरा बाप्पा!

५.००
गुरुजी एसटीनं अकोल्याला निघाले. निघण्याआधी स्पष्ट सांगितलं: क्लचचं अस्तर जळालं असेल तर नवं तेल काही करणार नाही, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.
“मग उतरवू. पण आधी तेल पाहा,” म्हणाले.

रात्री ८.००
नवं तेल भरून गाडी चालवली, सगळे गिअर फिरवले, पुन्हा काढलं. या खेपेला लालसर तपकिरी. दुसऱ्यांदा नवं भरून ठेवलं. आमचा पोट्टा म्हणाला, “पातळी आताच पाहून घेऊ ना भाऊ.” स्कॅनरवर तेल ६२ अंश. उद्या पहाटे साडेपाचला ये म्हटलं. पातळी झाली की गाडी मीच अकोल्याला नेऊन देणार आहे, लोणीपासून मान्यापर्यंत सत्तरवर, पाय स्थिर ठेवून.