सारनाथचे संग्रहालय पाहण्यापूर्वी

धम्मयात्रेत सारनाथला आलेले आपले उपासक-उपासिका धमेक स्तूपाला वंदन करतात, प्रदक्षिणा घालतात आणि लगेच बुद्धगयेच्या मार्गाला लागतात. शेजारच्या पुरातत्त्व संग्रहालयाच्या वाट्याला उरलीसुरली पंधरा मिनिटे येतात. यात्रेची आखणी करतानाच तेथे अर्धा दिवस राखून ठेवावा, अशी आमची सूचना आहे. संग्रहालय शुक्रवारी बंद असते, हेही ध्यानात असावे.

प्रथम अवशेष पाहावेत. सम्राट अशोकाच्या स्तंभाचा भग्न बुंधा मूळ जागीच आहे. संघभेद करणाऱ्यास श्वेत वस्त्रे देऊन संघाबाहेर ठेवावे, ही राजाज्ञा त्यावर कोरलेली आहे. जवळच धर्मराजिक स्तूपाचा केवळ पाया उरला आहे. १७९४ मध्ये विटांसाठी तो पाडला गेला आणि आतील अस्थी गंगेत टाकल्या गेल्या.

हे पाहून मग संग्रहालयात जावे. १९०४-०५ च्या उत्खननात मिळालेले सिंहशीर्ष तेथे दालनात समोरच आहे. सिंहांच्या शिरोभागी मूळचे बत्तीस आऱ्यांचे धम्मचक्र होते. १९५० मध्ये स्वीकारलेल्या राजमुद्रेत ते दिसत नाही. ज्या चक्रासाठी हे सिंह उभे केले, तेच तेथे नाही!

पाचव्या शतकातील धम्मचक्रप्रवर्तन मुद्रेतील बुद्धमूर्ती सर्वांनाच खिळवून ठेवते. तिच्या पीठावरील पाच भिक्खूंबरोबर एक स्त्री व बालकही कोरलेले आहे, ते मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

आम्हांस सर्वाधिक मोलाची वाटते ती भिक्खू बल याने कनिष्काच्या तिसऱ्या वर्षी उभारलेली, मथुरेच्या तांबड्या दगडाची भव्य मूर्ती. भगवंतांच्या चंक्रमणस्थानी ती स्थापिल्याचे लेखात नमूद आहे. या पुण्यकर्मात सहभागी असलेल्यांत बुद्धमित्रा या भिक्खुणीचे नाव येते आणि तिला त्रिपिटकाची जाणकार म्हटले आहे. संघाने स्त्रीला ज्ञानाचा मार्ग मोकळा केला, असे बाबासाहेबांनी १९५१ मध्ये ‘महाबोधी’ मासिकातील लेखात प्रतिपादिले होते. त्याचा शिलालेखी पुरावा येथे आपल्यासमोर उभा आहे. मूर्तीवरील दगडी छत्रही संग्रहालयातच आहे. त्याच्या दांड्यावरील ब्राह्मी अक्षरे मुलींना जवळ नेऊन दाखवावीत. ब्राह्मी वर्णमालेचा एक तक्ता सोबत असल्यास काही अक्षरे त्यांना स्वतःच लावता येतील.