आधी मुलाचं उत्तर

ओली पाटी उन्हात ठेवली की थोड्या वेळाने कोरडी होते. पाणी कुठं गेलं, असं पहिलीच्या मुलांना विचारलं तर बरीच जण सांगतात, ‘संपलं’, नाहीतर ‘पाटीत जिरलं’. थोडी मोठी मुलं ते पाणी थेट ढगात नेऊन सोडतात. पाणी आपल्या आजूबाजूच्या हवेतच मिसळलं, हे उत्तर दहा-अकरा वर्षांच्या आसपास येऊ लागतं. इस्राएलच्या वरदा बार यांनी १९८९मध्ये मुलांच्या उत्तरांचा असा चढता क्रम मांडला. आपल्याकडे चौथी-पाचवीच्या मुलाला बाष्पीभवनाची व्याख्या पाठ असते, आणि तरी ‘पाटीत जिरलं’ हेही त्याला मनापासून पटलेलं असतं. दोन्ही उत्तरं एकाच डोक्यात सुखाने नांदतात, कारण त्यांची गाठ कुणी घालून दिलेली नसते.

लहान मुलांच्या विज्ञानशिक्षणातल्या गेल्या ऐंशी वर्षांकडे पाहताना म्हणूनच मला अभ्यासक्रमांच्या याद्यांपेक्षा दुसरी एक गोष्ट शोधावीशी वाटते. मुलाचं स्वतःचं उत्तर ऐकून घ्यायला आपण कुठं आणि कधी शिकलो?

सुरुवात बोर्डीपासून करावी लागते. १९४५मध्ये ताराबाई मोडकांनी तिथं ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरींची साधनं महाग होती, खेड्यात मिळणारी नव्हती. त्यांच्या जागी चिंचोके, शंख-शिंपले, पानं, दगड आणि बिया आल्या. या बदलाचं कौतुक बहुतेक वेळा काटकसर म्हणून होतं. मला त्यात विज्ञान अधिक दिसतं. बियांचा ढीग समोर ठेवून ‘यातल्या सारख्या सारख्या वेगळ्या कर’ असं म्हटलं की मूल आकार, रंग, वजन, खरखरीतपणा यांतलं काय धरायचं आणि काय सोडायचं हे ठरवतं. हे वर्गीकरण आहे, आणि ते मुलाच्या निकषावर चालतं. शिवाय गुरांमागे रानात फिरणाऱ्या वारली मुलाला झाडांची आणि पाखरांची जी ओळख होती, ती बाहेरून आलेल्या शिक्षकाला नव्हती. त्यामुळे मुलाला विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. शाळाच मुलांच्या अंगणात आणि गुरं चरतात त्या कुरणात नेण्याचा ताराबाई-अनुताईंचा निर्णय मला म्हणून फार मोठा वाटतो.

त्यानंतरचं दशक संस्था उभारण्याचं. १९६६मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, १९६७मध्ये बालभारती. एकसारखी, स्वस्त पाठ्यपुस्तकं राज्यभर पोहोचली, ही मोठीच मिळकत होती. पण प्राथमिकच्या विज्ञानाचा साचा ‘माहिती, मग प्रश्न’ असाच राहिला. सजीव कोण, निर्जीव कोण याची लक्षणं मुलं घोकत. जे हलतं ते जिवंत असं लहान मुलाला वाटतं, म्हणून सूर्य आणि वारा त्याच्या लेखी सजीव ठरतात, हे जाँ पियाजेने विसाच्या दशकातच लिहून ठेवलं होतं. ते आपल्या वर्गापर्यंत आलं नव्हतं.

सत्तरीत मात्र काहीतरी हललं. १९७२मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांमध्ये, किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर यांच्या पुढाकाराने, प्रयोगातून विज्ञान शिकवणारा कार्यक्रम सुरू झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ तिथं जाऊन शिक्षकांबरोबर बसले. तो कार्यक्रम सहावी ते आठवीसाठी होता, पण त्याचा परिणाम त्या वर्गांपुरता राहिला नाही. पुढं १९८२मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने प्राथमिकसाठी वेगळं काम उभं केलं. होशंगाबादचा कार्यक्रम २००२मध्ये सरकारने बंद केला. तीस वर्षांचं काम असं थांबावं, याची हळहळ आजही वाटते.

१९७४मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. पहिल्याच वर्षांत केंद्राची माणसं जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला गेली आणि आसपासच्या शाळांत काम करू लागली. या केंद्राच्या सुरुवातीच्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट साधीशी आहे. मुलांना विज्ञान जड जातं की पुस्तकाची भाषा जड जाते, हे तपासून पाहावं असं त्यांना वाटलं. मराठी पाठ्यपुस्तकातला मजकूर सोप्या मराठीत लिहून वर्गात नेला, तेव्हा मुलांची समज आणि वर्गातला सहभाग दोन्ही वाढले. व्ही. जी. कुलकर्णी आणि व्ही. जी. गंभीर यांनी १९८१मध्ये हा अनुभव निबंधरूपाने मांडला. मातृभाषेत शिकणाऱ्या मुलालाही तिचं पुस्तकी रूप परकं असू शकतं, हे त्यातून पुढं आलं. ज्यांच्या घरात छापील मराठी कुणी बोलत नाही, अशा मुलांच्या गप्प बसण्याला आपण ‘कच्चं मूल’ म्हणत होतो. ते मूल कच्चं नव्हतं, त्याला प्रश्नच कळला नव्हता.

याच केंद्रात जयश्री रामदास यांनी प्राथमिक विज्ञानाचा अभ्यासक्रम बांधला. ‘स्मॉल सायन्स’ या त्यांच्या पुस्तकांतली मिनी आणि अपू ही दोन मुलं सतत प्रश्न विचारत हिंडतात. पहिली-दुसरीसाठी मुलांच्या हातात पुस्तकच नाही, फक्त शिक्षकांची पुस्तिका आहे. हा निर्णय मला धाडसी वाटतो, कारण आपल्याकडे पुस्तक नाही म्हणजे विषय नाही असं पालक धरून चालतात. मुलांनी काढलेली चित्रं हा रामदास यांच्या अभ्यासाचा विषय. शरीराच्या आत काय असतं ते काढ म्हटलं की मूल जे रेखाटतं, त्यात त्याची पूर्ण कल्पना दिसते. तोंडी उत्तरात ‘पोटात अन्न पचतं’ एवढं म्हणून सुटता येतं. चित्रात घशातून निघालेली नळी कुठं जाते, हे दाखवावंच लागतं.

चित्रांनी काय उघड होतं, याचं सर्वांत नामी उदाहरण पृथ्वीचं. अमेरिकेत इलिनॉयमध्ये स्टेला वोस्नियादू आणि विल्यम ब्रूअर यांनी मुलांना पृथ्वी काढायला सांगून बारकाईने प्रश्न विचारले. १९९२मध्ये त्यांनी लिहिलेला निबंध या विषयात अजून वाचला जातो. ‘पृथ्वी गोल आहे’ असं बहुतेक सगळी म्हणत होती. कुणाची पृथ्वी गोल पण चपटी तबकडी होती. कुणाची पोकळ चेंडू होती, माणसं तिच्या आत सपाट जमिनीवर राहत होती आणि वर घुमटासारखं आकाश होतं. कुणाच्या दोन पृथ्व्या होत्या, एक आपण उभे आहोत ती, आणि एक आकाशातली, मोठी माणसं जिला गोल म्हणतात ती! चार वर्षांनी अला समरपुंगवन यांच्याबरोबर त्यांनी हैदराबादच्या मुलांचा असाच अभ्यास केला. तिथल्या अनेक मुलांची पृथ्वी पाण्यावर टेकलेली होती. आजूबाजूला ऐकलेल्या गोष्टींतून मुलांनी ती उचलली होती. या चित्रांत गोंधळ कमी आणि विचार जास्त आहे. डोळ्यांना जमीन सपाट दिसते आणि बाई गोल म्हणतात. दोन्ही खरं मानायचं तर पोकळ चेंडू हे हुशार उत्तर आहे. हे चित्र पाहिल्यावर शिक्षकाला पुढचा प्रश्न सुचतो: या चेंडूबाहेर काय आहे, आणि तिथं कुणी उभं राहू शकेल का? ‘चूक’ असा शेरा मारला की तो प्रश्न तिथंच मरतो.

पुण्याचा धागा अरविंद गुप्तांचा. कानपूरच्या आयआयटीतून शिकलेला हा अभियंता पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी करत असताना १९७८मध्ये होशंगाबादला गेला, आणि तिथल्या बाजारानेच त्याच्या हातात आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब दिली. ट्यूबचे इवलेसे तुकडे करून त्यांत काड्या खोचल्या की सांधे होतात. तीन काड्यांचा त्रिकोण करून दाबला तर तो हलत नाही. चार काड्यांचा चौकोन एका बोटाने तिरपा होतो. त्यात एक काडी कर्णासारखी घातली की तो पुन्हा ताठ. सात वर्षांच्या मुलालाही हे बोटांनी कळतं, आणि मग पत्र्याच्या शेडखालच्या कैच्या, विजेचे मनोरे, लोखंडी पूल यांकडे ते वेगळ्या नजरेने पाहू लागतं. २००३नंतर गुप्तांनी पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत दशकभर हेच काम केलं. त्या शोधिकेच्या ‘पुलस्त्य’ इमारतीमागे पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ मिळालेली देणगी आहे, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावं असं.

शासकीय पातळीवरही वारं बदलत होतं. १९९१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सर्व वर्गांत आणण्याचा आदेश दिला, १९९३मध्ये यशपाल समितीने दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचं ओझं मोठं असल्याचं सांगितलं, आणि २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मूल स्वतः ज्ञान रचतं हे मान्य केलं. महाराष्ट्रात प्राथमिक वर्गांत विज्ञान ‘परिसर अभ्यासा’त मिसळलं. तिसरीचं पुस्तक जिल्ह्यानुसार वेगळं झालं, हे तर मला उत्तम वाटतं. रत्नागिरीच्या मुलाने समुद्रापासून सुरुवात करावी आणि गडचिरोलीच्या मुलाने जंगलापासून. २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ने आणि साताऱ्याच्या कुमठे बीटने, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाने, ज्ञानरचनावाद हा शब्द गावोगाव नेला. मात्र तिथं भर वाचन आणि गणितावर होता. २०२१च्या निपुण भारत अभियानाने तो भर आणखी वाढवला, त्यामुळे परिसर अभ्यासाचा तास अनेकदा वाचनाच्या सरावात जातो. त्याचं कारण मला कळतं, परिणाम पटत नाही. वाचायला शिकणाऱ्या मुलाने मुंग्यांच्या रांगेबद्दल, कोंब फुटलेल्या मटकीबद्दल लिहावं आणि तेच वाचावं, यात दोन तासांची ओढाताण उरत नाही.

सगळ्यात जास्त निराशा मूल्यमापनाने केली. २०१०मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आणि प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंद करण्याची जागा शिक्षकाला पहिल्यांदाच मिळाली. मुलाचं उत्तर जपून ठेवायला याहून चांगली जागा दुसरी नव्हती. पण एकाच शिक्षकाकडे दोन-दोन, तीन-तीन वर्ग, शिवाय जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची कामं. अशा वेळी तयार नोंदींचे नमुने हातोहात फिरू लागले, आणि ‘परिसरातील घटकांचे निरीक्षण करतो’ हे एकच वाक्य ओळीने अनेक मुलांपुढं उमटलं. यात शिक्षकाला बोल लावणं अन्यायाचं आहे. नोंदींची संख्या कमी करावी, वर्षाला प्रत्येक मुलामागे परिसर अभ्यासाच्या दोनच असाव्यात, एक जूनमधली आणि एक मार्चमधली. दोन्ही एकाच प्रश्नावर आणि मुलाच्या शब्दांत, जमलं तर त्याने काढलेल्या चित्रासकट. एवढं करायला ना नवं पुस्तक लागतं, ना साहित्यपेटी.