यात काय काय आहे?

सातारा जिल्ह्यातल्या एका गावची जिल्हा परिषदेची शाळा. चौथीचा वर्ग. मुलं सतरंजीवर गोल बसली आहेत आणि मधे रिकाम्या वेष्टनांचा ढीग आहे. बिस्किटं, वेफर्स, आंब्याच्या पेयाचे खोके. घरून, दुकानापुढून, रस्त्यावरून मुलांनीच गोळा करून आणलेले.

बाई एक खोका उचलून भिंग एका मुलाच्या हाती देतात. अक्षरं मुंगीएवढी आणि इंग्रजी. वेष्टनावरचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की लेबलचा नियम पाळला जातो, मराठीची सक्ती नाही. जी वस्तू ही मुलं खातात-पितात, तिच्यावरचा मजकूर त्यांना त्यांच्याच भाषेत वाचायची सोय नसावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुलगा अक्षर अक्षर लावत वाचतो, बाई फळ्यावर मराठीत लिहितात : पाणी, साखर, आंब्याचा गर.

"ज्याचं वजन जास्त, त्याचं नाव आधी," बाई सांगतात. वर्ग क्षणभर गप्प. मग एक मुलगी हळूच म्हणते, "म्हणजे आंब्यापेक्षा साखर जास्त?"

"मोजूया की."

खोक्यात २०० मिली पेय. १०० मिलीला साखर १४ ग्रॅम. मुलं पाटीवर गणित करतात : २८ ग्रॅम. सपाट चमच्यात साधारण ४ ग्रॅम मावते. एक मुलगा काचेच्या ग्लासात साखर घालू लागतो आणि सगळा वर्ग मोठ्यानं मोजतो. चौथ्या चमच्याला आवाज चढतो, सातव्याला पार बसतो. ग्लासाच्या तळाशी पांढरा थर चढलाय. पुढच्या रांगेतला एकजण त्याला बोट लावून बघतो.

"बाई, हे ३३० काय?"

"सायट्रिक आम्ल. लिंबातही असतं. आकडा दिसला म्हणून भ्यायचं नाही. विचारायचं."

मला हे फार मोलाचं वाटतं. अन्नाची भीती घातलेलं मूल चोरून खातं. विचारायची सवय लागलेलं मूल बघून खातं.

बाहेर खिचडीला फोडणी बसते. मोहरी तडतडल्याचा आवाज वर्गात येतो आणि माना दाराकडे वळतात. बाई म्हणतात, "आता आपल्या खिचडीचं लेबल लिहा." पोषण आहाराचं प्रमाण त्या सांगतात : पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे धान्य १०० ग्रॅम, भाजी ५०, डाळ २०, तेल ५. मुलं उतरत्या क्रमानं लिहितात. मीठ, हळद, जिरं शेवटी. मघाची मुलगी मात्र पेन्सिल चावत बसली आहे.

"बाई, पाणी राहिलं."

"कुठे लिहायचं?"

ती उठून थेट चुलीपाशी जाते. "मावशी, पाणी किती घालता?"

मावशी डाव थांबवून तिच्याकडे बघतात. इतकी वर्षं मुलांनी "झाली का?" एवढंच विचारलेलं असणार. त्या पदराला हात पुसतात आणि नीट सांगतात, "तांदळाच्या तिप्पट, बाळा. डाळ जुनी असली तर वर एक तांब्या."

मुलगी पळत आत येते, पाटीवरचं सगळं पुसते आणि सर्वांत वर लिहिते : पाणी.