यजमान कोणाचा?
काशीच्या जलसफरीचे आरक्षण एका संस्थेकडून दुसरीकडे नेताना

काशीयात्रा हा महाराष्ट्रीय कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेला मनोदय आहे. एके काळी काशीस निघालेला मनुष्य घरच्यांचा व गावकऱ्यांचा निरोप घेऊनच निघे, कारण परत येण्याची शाश्वती नसे. आज मुंबईहून महानगरी अथवा पुण्याहून ज्ञानगंगा एक्सप्रेस दीड दिवसाच्या आत वाराणसीस पोहोचवते. प्रवास सुकर झाला, तरी त्यामागची ओढ ओसरलेली नाही. आयुष्यभर काटकसर करून शिल्लक टाकलेल्या पैशातून आईवडिलांना एकदा काशी दाखवावी, असे आजही अनेक घरांत ठरते.

ही नगरी खरी दिसते ती गंगेच्या पात्रातून. अस्सीपासून आदिकेशवापर्यंत अर्धचंद्राकार पसरलेल्या घाटांच्या रांगेत मराठी माणसाला पदोपदी आपल्या इतिहासाच्या खुणा भेटतात. दशाश्वमेध घाटाचे बांधकाम अठराव्या शतकात पेशव्यांच्या आश्रयाने झाले. शिंदे घाट व भोसले घाट आपल्या नावानेच आपला वंश सांगतात. अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये विश्वनाथाचे मंदिर नव्याने उभारले. हे सारे पूर्वी नावाड्याच्या होडीतून पाहावयाचे. आता त्या होड्यांच्या जोडीला मोठ्या नौका आल्या आहेत. २०१८ पासून घाटांच्या दर्शनासाठी अलकनंदा ही क्रूझ सुरू झाली. १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून ‘गंगाविलास’ ही नौका बांगलादेशमार्गे आसाममधील दिब्रुगडकडे निघाली. सुमारे ३,२०० किलोमीटरचा तो प्रवास ५१ दिवसांचा होता. नौकेत १८ दालने असून ३६ प्रवाशांची सोय होती. प्रयागराज ते हल्दिया हा १,६२० किलोमीटरचा जलमार्ग १९८६ मध्येच राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ म्हणून घोषित झाला आहे. त्याच मार्गावर कोलकाता आणि वाराणसी यांच्या दरम्यान काही दिवसांच्या सफरी निघतात.

अशा सफरीचे आरक्षण अनेक महिने अगोदर करावे लागते. रक्कम मोठी असते आणि ती हप्त्यांनी भरली जाते. नौकेत दालने थोडी, म्हणून एकदा हातची जागा गेली की त्या मोसमात दुसरी मिळेलच असे नाही. आरक्षण आणि प्रस्थान यांमधल्या या दीर्घ काळातच एक निराळा प्रश्न उपस्थित होतो. ज्या प्रवासी संस्थेकडे आरक्षण केले, तिचा अनुभव चांगला येत नाही. दूरध्वनी उचलला जात नाही, विचारलेल्या प्रश्नांना उत्तर मिळत नाही, किंवा आपला माहितगार माणूस ती संस्था सोडून गेलेला असतो. कधी संस्था दूरच्या शहरात असते आणि वृद्ध आईवडील ज्या गावी राहतात तेथील एखादी संस्था अधिक सोयीची वाटते. अशा वेळी सफर तीच, नौका तीच, दालनही तेच ठेवून केवळ मधली संस्था बदलता येईल काय?

पुष्कळदा येते, मात्र ते कसे व कोणत्या मर्यादेत, हे जाणून घेतले पाहिजे.

तिघांचा व्यवहार

जलसफरीच्या आरक्षणात तीन पक्ष असतात. नौका चालवणारी कंपनी हा पहिला, तिकीट मिळवून देणारी प्रवासी संस्था हा दुसरा आणि प्रवासी हा तिसरा. कंपनीच्या दप्तरात प्रवाशाच्या नावासमोर संस्थेचेही नाव नोंदलेले असते. त्या नोंदीमुळे दोन गोष्टी ठरतात. कंपनी आपला सारा पत्रव्यवहार त्या संस्थेशी करते, आणि सफरीवरील दलाली, म्हणजे कमिशन, त्याच संस्थेला देते. ही दलाली बहुधा पूर्ण रक्कम भरल्यानंतर किंवा सफरीच्या सुमारास हाती पडते. म्हणजे पहिल्या संस्थेने चार महिने काम केले आणि शेवटच्या महिन्यात प्रवासी दुसरीकडे गेला, तर तिच्या पदरी काहीच पडत नाही. संस्था आरक्षण सोडण्यास नाखूष का असते, याचे उत्तर येथे आहे. तिची बाजूही अगदीच निराधार नव्हे, हे प्रवाशाने ध्यानात ठेवले तर पुढचे बोलणे सौजन्याने होते.

जुनी नामावळ

‘हा यजमान कोणाचा?’ हा प्रश्न तीर्थक्षेत्रांना नवा नाही. काशी, प्रयाग, गया, तसेच आपल्याकडील नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या प्रसिद्ध आहेत. यात्रेकरू आला की त्याचे गाव व कूळ विचारायचे, नामावळीत त्याच्या आजा-पणजाची नोंद शोधायची आणि तिच्याखाली त्याची नोंद करून घ्यायची, ही रीत. उतरण्याची जागा, होडी, श्राद्धविधी, स्वयंपाक यांची व्यवस्था हा उपाध्याय करी. प्रवासी संस्थेचे बहुतेक सर्व काम तो एकटा पाही, असे म्हटले तरी चालेल. ही वृत्ती वारशाने मुलाकडे जाई व भावांत वाटली जाई. यजमानांची नोंद एका घरातून दुसऱ्या घरात जाई ती अशी, आणि यजमानाला त्याविषयी कोणी विचारीत नसे.

गावोगावच्या वतनदार जोशांचा हक्क तर याहून कडक होता. यजमानाने दुसऱ्या भटजीकडून लग्न लावून घेतले तरी वतनदार जोशी आपल्या दक्षिणेसाठी न्यायालयात दावा करू शके. जुन्नर तालुक्यातील ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटील यांनी सत्यशोधक पद्धतीने, भटजीवाचून विवाह लावले, तेव्हा जोशांनी त्यांच्यावर दावा केला. तो थेट मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निकाल पाटलांच्या बाजूने लागला. ज्याने भटजीला बोलावलेच नाही त्याच्याकडून दक्षिणा वसूल होणार नाही, हे ठरले. पुढे सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात मांडलेले ‘जोशी विधेयक’ १९२६ साली कायदा झाले. न केलेल्या सेवेचा मोबदला वंशपरंपरेच्या बळावर मागण्याचा मार्ग त्या कायद्याने बंद केला.

त्या लढ्याचे तत्त्व साधे होते. सेवा कोणाकडून घ्यावी हे ठरविण्याचा अधिकार सेवा घेणाऱ्याचा, आणि मोबदला केलेल्या कामाचा. आजच्या व्यवहारातही हेच तत्त्व मार्गदर्शक ठरावे. फरक इतकाच की आज प्रवाशाने स्वतः सही करून अटी मान्य केलेल्या असतात, आणि त्या अटी त्याला बांधून ठेवतात.

बदल कसा करावा

पहिले काम आपल्याच कागदांचे. नौकाकंपनीने दिलेला आरक्षण क्रमांक आपल्याजवळ आहे काय, हे पाहावे. संस्थेचा पावती क्रमांक निराळा आणि कंपनीचा आरक्षण क्रमांक निराळा. कंपनीचा क्रमांक नसेल तर आरक्षण अद्याप झालेलेच नसण्याचाही संभव असतो. तो क्रमांक सांगून कंपनीकडे विचारावे, की आरक्षण कोणाच्या नावे आहे, किती रक्कम जमा आहे, उरलेली रक्कम कोणत्या तारखेपर्यंत भरावयाची आहे आणि संस्था बदलण्याचा नियम काय आहे.

हा नियम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. मोठ्या सागरी क्रूझ कंपन्यांची सर्वसाधारण पद्धत अशी, की आरक्षण झाल्यापासून ठराविक दिवसांच्या आत आणि पूर्ण रक्कम भरण्यापूर्वी बदल मागावा लागतो. आरक्षण थेट कंपनीकडे केलेले असेल तर ते एखाद्या संस्थेकडे सोपवणे सोपे जाते. एका संस्थेकडून दुसरीकडे न्यावयाचे असेल तर पहिल्या संस्थेची लेखी संमती बहुधा लागते. नदीवरील लहान कंपन्यांकडे याविषयी छापील नियम नसेल, तर त्यांचे उत्तर पत्राने किंवा ई-मेलने मागून घ्यावे.

दुसरे काम नव्या संस्थेचे. ती हे आरक्षण स्वीकारण्यास तयार आहे काय, आणि त्यासाठी वेगळे शुल्क घेणार काय, हे आधी विचारावे. ती तयार झाल्यावर प्रवाशाने एक छोटे पत्र लिहावे. त्यात सर्व प्रवाशांची नावे, आरक्षण क्रमांक, प्रस्थानाची तारीख, जुन्या व नव्या संस्थेचे नाव आणि प्रवाशाची सही असावी. एक प्रत कंपनीला, एक जुन्या संस्थेला, एक नव्या संस्थेला द्यावी आणि चौथी आपल्या फायलीत ठेवावी. पत्रात कोणावर दोषारोप करण्याचे कारण नाही. ‘सोयीसाठी बदल करीत आहोत’ एवढे पुरे.

तिसरे काम खातरजमेचे. बदल झाल्याचे कंपनीचे लेखी उत्तर आल्यावर जुने आणि नवे कागद शेजारी ठेवून ताडून पाहावेत. दालन तेच, भाडे तेच, तारीख तीच, जेवणाविषयी व आजारपणाविषयी दिलेल्या सूचना त्याच आहेत ना? मधुमेह असलेल्या आईसाठी किंवा जिना चढता न येणाऱ्या वडिलांसाठी कळविलेली सूचना पहिल्या संस्थेच्या दप्तरातच राहून जाण्याचा धोका असतो. तसेच पहिल्या संस्थेने आपल्या पदरची काही सवलत देऊ केली असल्यास ती नव्या संस्थेवर बंधनकारक नसते.

पैसा कोणाच्या हाती?

या सर्वांपेक्षा महत्त्वाचा प्रश्न पैशाचा. आपण संस्थेला दिलेली रक्कम तिने कंपनीकडे भरली आहे काय? भरली असेल तर आरक्षणाबरोबर तीही पुढे जाते. संस्थेच्याच खात्यात पडून असेल, तर केवळ नाव बदलून काही साधत नाही. समजा, सांगलीच्या एका कुटुंबाने तीन हप्त्यांपैकी दोन संस्थेकडे भरले आणि संस्थेने कंपनीकडे एकच पाठविला. बदलानंतर कंपनीच्या हिशेबी दोन हप्ते बाकी राहतील आणि नवी संस्था ते मागेल. म्हणून बदलाच्या आधीच हिशेब मागावा. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे प्रतिनिधीने मागणी होताच मालकाला हिशेब द्यावयाचा असतो (कलम २१३) आणि त्याच्या वतीने घेतलेली रक्कम, आपले योग्य देणे वजा करून, त्याला द्यावयाची असते (कलम २१८). संस्था आपली प्रतिनिधी आहे की नौकाकंपनीची, हे पावती व अटी यांवरून ठरते. यासाठीच पावतीचा मजकूर वाचून घेणे अगत्याचे.

संस्था कितीही जुनी असली तरी ही दक्षता अनाठायी नाही. ज्याच्या १८४१ मधील सहलीने आधुनिक पर्यटनव्यवसायाचा पाया घातला, त्या थॉमस कुकच्या नावाची ब्रिटिश कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी बंद पडली. परदेशी असलेल्या सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवाशांना मायदेशी आणण्याची व्यवस्था तेथील सरकारी यंत्रणेला करावी लागली. त्या नावाची भारतीय कंपनी २०१२ पासून वेगळ्या मालकीची असल्याने तिच्या प्रवाशांना झळ पोहोचली नाही. नाव एकच असले तरी आपली पावती नेमकी कोणाची, यावर सारे अवलंबून असते.

केव्हा बदलू नये

काही आरक्षणे हलविता येत नाहीत. संस्थेने एकगठ्ठा दालने घेऊन आपल्या समूहासाठी ठेवली असतील तर ती जागा संस्थेच्या कोट्यातली असते. तेथे बदल म्हणजे जुने आरक्षण रद्द करून नवे करणे. तसे करताना रद्दीकरणाचे शुल्क, वाढलेले भाडे आणि जागा न मिळण्याचा धोका हे तिन्ही मोजावे. नव्या संस्थेने ‘आधी रद्द करा, मग पाहू’ असे म्हटल्यास थांबावे. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते. प्रस्थान अगदी जवळ आले असेल तरीही बदल टाळलेला बरा. कोरड्या ऋतूत गंगेचे पात्र उथळ होते, आणि पाण्याच्या मानाने नौकेचा टप्पा बदलून काही अंतर मोटारीने न्यावे लागू शकते. अशी सूचना ऐनवेळी आली आणि ती जुन्याच संस्थेकडे गेली, तर प्रवासी चुकीच्या घाटावर उभा राहावयाचा.

रेल्वेच्या तिकिटाची गोष्ट निराळी आहे. आरक्षित तिकीट संस्थेकडून घेतले असले तरी ते प्रवाशाच्या नावाचे असते, म्हणून संस्था बदलली तरी त्यावर प्रवास करता येतो. मात्र ते रद्द केल्यास परतावा त्या एजंटाच्या मार्फतच येतो, हे ध्यानात ठेवावे.

दाद कोठे मागावी

सौजन्याने मागूनही हिशेब मिळत नसेल किंवा पैसे अडकवून ठेवले जात असतील, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आपल्या पाठीशी आहे. या कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे तक्रार करता येते. संस्था मुंबईची आणि नौका वाराणसीची असली तरी सांगलीच्या कुटुंबाला सांगलीतच दाद मागता येते. दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर सल्ला घ्यावा. अनेक तंटे तेथेच मिटतात.

पूर्वीच्या यात्रेकरूला आपले नाव कोणाच्या वहीत आहे हे ठाऊक असे, पण ते बदलण्याची मुभा नसे. आज मुभा आहे, पण आपले नाव कोणाच्या दप्तरात आहे याची चौकशी आपण क्वचितच करतो. आरक्षण करतानाच तीन कागद मागून घ्यावेत: कंपनीचा आरक्षण क्रमांक, भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती आणि संस्था बदलण्याची व रद्दीकरणाची अट. हे तीन कागद घरच्या कपाटात असले, की मधली संस्था बदलावी लागली तरी आईवडिलांची काशी चुकत नाही.