टायरचा लुक नको, पकड बघा!

नवी स्पोर्ट्‌स कार घेतलीत? सही! पण भर पावसात खंडाळ्याच्या घाटात तिला सावरणार ते चार टायरच. प्रत्येकाचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा! टायरवर '२२५/४५ आर१७ ९४डब्ल्यू' असं काहीतरी लिहिलेलं असतं. २२५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, तर 'डब्ल्यू' म्हणजे ताशी २७० किलोमीटरची क्षमता. पण मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेच्या सपाट भागातही कारला मर्यादा १००चीच! मग दुकानदाराला वेग नको, ओल्या रस्त्यावरची पकड विचारा. रुंद टायर दिसतो झकास. पण खाचांतून पाणी बाहेर पडलं नाही, तर तो चक्क पाण्यावर तरंगतो. खाचा १.६ मिलिमीटरवर यायच्या आतच टायर बदला. घाटातल्या वळणाला तुमच्या स्टाइलचं काय कौतुक?